बिनबटणाचा बिगुल

लेक म्हणाली, "बाबा, लिही, पण माझं नाव नको आणि आमच्या कोअरचंही नको." म्हणून दोन्ही नाहीत. (कोअर म्हणजे इथे अमेरिकेत ती ज्यात वाजवायची ते बँडपथक.) बाकी सगळं आहे आणि लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

साताऱ्याची मावशी गेली तीन वर्षं फोनवर एकच प्रश्न विचारते. "पोरगी सुट्टीत काय करते?" "बँडमध्ये वाजवते, मावशी." "म्हणजे वरातीत?" पहिल्या वर्षी मी अर्धा तास समजावलं. दुसऱ्या वर्षी पाच मिनिटं. तिसऱ्या वर्षी सरळ "हो" म्हणालो, तर मावशी म्हणते, "पैसे तरी बरे देतात का?"

तिथे मात्र मला ठसका लागला. कारण पैसे मिळत नाहीत, पैसे भरावे लागतात. उन्हाळाभर उन्हात करपायचं, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपायचं, रात्री बसमध्ये मान वाकडी करून प्रवास करायचा आणि त्यासाठी बापाने पाच-सहा हजार डॉलर मोजायचे.

या प्रकाराचं नाव ड्रम कोअर. त्याची स्पर्धा भरवणारी संस्था ड्रम कोअर इंटरनॅशनल, सगळे डीसीआय म्हणतात. एका पथकात दीडशेच्या वर पोरं, वय 21-22 पर्यंतच. फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एकच शो, तो उन्हाळाभर घासायचा आणि गावोगावी फिरून दाखवायचा. रोज परीक्षक, रोज गुण. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये तीन दिवस अंतिम स्पर्धा. गुरुवारी सगळे, शुक्रवारी पंचवीस, शनिवारी बारा. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन चालत नाहीत. फक्त पितळ, ताल आणि झेंडे. माझी लेक शाळेत क्लॅरिनेट वाजवायची. कोअरमध्ये घुसायचं म्हणून तिने वर्षभर घराच्या बेसमेंटमध्ये मेलोफोन शिकला. मेलोफोन म्हणजे ट्रम्पेटचा जाडसर थोरला भाऊ. पहिले दोन महिने शेजाऱ्यांना वाटत होतं आम्ही म्हैस पाळली आहे.

तिची पहिली प्रॅक्टिस बघायला गेलो तेव्हा मला अमेरिका दिसलीच नाही, आमची शाळा दिसली. आमच्या शाळेच्या बँडला फौजेतून रिटायर झालेले हवालदार शिकवायला यायचे. चार बिगुल, सहा साइड ड्रम, एक मोठा ड्रम. एक बिगुल कधीतरी सायकलवरून पडून तोंडाशी चेपला होता. 26 जानेवारीच्या आदल्या दिवशी त्याला पितांबरी लावून घासायचं काम नव्या पोरांचं, म्हणजे माझं. बिगुलाला बटण नसतं. सगळे मिळून चार-पाच सूर, तेही ओठ आवळून-सैल करून काढायचे. एकदा मी विचारलं, "सर, बाकीचे सूर कुठायत?" सर म्हणाले, "फौजेला पुरलं ते तुला पुरंल."

डीसीआयचा सगळा इतिहास त्या "पुरंल"शी चाललेलं भांडण आहे, असं मला आता वाटतं.

कारण तिथेही सुरुवात रिटायर फौजींनीच केली. पहिलं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले. 1919 मध्ये अमेरिकन लीजन नावाची माजी सैनिकांची संघटना उभी राहिली. परदेशी युद्धांतल्या माजी सैनिकांची दुसरी संघटना, व्हीएफडब्ल्यू, आधीपासून होतीच. लष्कराचे जास्तीचे ढोल आणि बिगुल स्वस्तात मिळत होते. आधी मोठ्यांची पथकं निघाली, मग पोरांची. गल्लीतली पोरं उनाडक्या करण्यापेक्षा रांगेत चालू देत, असा साधा सरळ हिशेब. चर्चनी पथकं काढली, बॉय स्काउटनी काढली. न्यू जर्सीतल्या गारफिल्डच्या एका चर्चने 1934 मध्ये होली नेम कॅडेट्स सुरू केलं, तेच पुढे नुसते कॅडेट्स झाले. मॅडिसन स्काउट्स 1938 चे, बॉस्टन क्रुसेडर्स 1940 चे, शिकागोचे कॅव्हेलियर्स 1948 चे. ओहायोतल्या कँटन गावच्या पथकाचं नाव तर पोलिसांच्या निळ्या कोटावरून ब्लूकोट्स. पोरं कामगार वस्त्यांमधली. फी नावाला.

स्पर्धा मात्र परेडच्या शिस्तीची. परीक्षक हातात पाटी-पेन्सिल घेऊन पोरांच्या रांगांमधून फिरायचे. पूर्ण गुणांपासून सुरुवात आणि एकेका चुकीला एक दशांश वजा. पाय चुकला, टिक. काडी उशिरा पडली, टिक. या पद्धतीला टिक सिस्टिमच म्हणायचे. नव्या कल्पनेला गुण कसे द्यायचे? द्यायचेच नाहीत, कारण पद्धत फक्त कापायला शिकवते. जो धोका पत्करेल तो जास्त चुकेल, म्हणून कुणी धोका पत्करायचा नाही. आपल्याकडे शुद्धलेखनाचे गुण कापून निबंध तपासणारे मास्तर आठवा.

नियम, परीक्षक आणि बिदागी या तिन्ही गोष्टी माजी सैनिकांच्या संघटनांच्या हातात होत्या. पोरांना मैदानावर काय करता येईल हे ठरवणारे लोक पोरांना शिकवणारे नव्हते. 1971 मध्ये कॅव्हेलियर्सचे संस्थापक डॉन वॉरन आणि वायोमिंगमधल्या कॅस्परच्या ट्रूपर्सचे जिम जोन्स यांनी ठरवलं, बस झालं. ट्रूपर्स म्हणजे घोडदळाच्या निळ्या वेषात वाजवणारं पथक, आणि बंड माजी सैनिकांच्या विरुद्ध! कॅव्हेलियर्स, ट्रूपर्स, मॅडिसन स्काउट्स, ब्लू स्टार्स आणि कॅलिफोर्नियाचं सांता क्लारा व्हॅनगार्ड या पाचांनी मोट बांधली. बोलवायचं तर आम्हाला एकत्र बोलवा, आणि पैसे आम्ही म्हणू ते. पूर्वेकडच्या पथकांनीही आपली आघाडी केली. दोन्हींतून डीसीआय जन्मली.

ऑगस्ट 1972 मध्ये पहिली अंतिम स्पर्धा विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या कॉलेजच्या गावात झाली. जिंकलं कोण? बंड करणाऱ्या पाचांपैकी कुणी नाही. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं किंग्जमेन. दुसरे ब्लू स्टार्स, तिसरं व्हॅनगार्ड. किंग्जमेन पुढे फार वर्षं टिकलं नाही. 2007 मध्ये अंतिम स्पर्धा पॅसाडेनाच्या रोझ बोलवर होती, तेव्हा त्यांची जुनी पोरं, म्हणजे आता पन्नाशीतली माणसं, पुन्हा वाद्यं घेऊन मैदानात उतरली होती. त्याचे व्हिडिओ सापडतात. पोटं सुटलेली आहेत आणि रांग सरळ आहे.

आता माझं मत सांगतो, ज्यावर इथल्या बँडवाल्या आईबापांच्या ग्रुपमध्ये माझं दोनदा भांडण झालं आहे. नियम वाजवणाऱ्यांच्या हातात आले हे उत्तमच झालं. पण त्याच वेळी बिल पालकांच्या हातात आलं, आणि हा दुसरा भाग डीसीआयच्या गौरवगाथांमध्ये कुणी सांगत नाही.

आधी उत्तम काय झालं ते. तिथल्या बिगुलाला आडवा एक व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायचं बटण, आणि एक फिरती चकती एवढंच होतं. 1977 मध्ये दोन उभे व्हॉल्व्ह आले. तिसरा यायला 1990 उजाडलं. विचार करा, चंद्रावर माणूस जाऊन आला त्यानंतर एकवीस वर्षांनी या पोरांना सगळे सूर मिळाले. 2000 पासून जी पट्टीचंच बिगुल हवं ही अटही गेली. दरम्यान 1980 च्या दशकात टिक सिस्टिम गेली आणि परीक्षक चुका मोजायच्या ऐवजी केलेल्या कामाला गुण देऊ लागले. झायलोफोन, मरिंबा, टिंपनी गळ्यात अडकवून चालायची सक्ती संपली, ती मैदानाच्या पुढच्या कडेला मांडली गेली. त्याला पिट म्हणतात. सरळ रेषांच्या जागी मैदानावर वळणं, लाटा, विस्कटून पुन्हा जुळणारे आकार दिसू लागले. कॅडेट्सनी 1983, 84, 85 अशी सलग तीन वर्षं स्पर्धा मारली ती याच बदलाच्या जोरावर. 2014 मध्ये ब्लू डेव्हिल्सना 100 पैकी 99.65 मिळाले, त्याच्या वर आजवर कुणी गेलेलं नाही.

प्रत्येक बदलाला जुन्या लोकांनी बोंब मारली. तिसरा व्हॉल्व्ह आला तेव्हा म्हणाले, संपलं ड्रम कोअर. 2004 मध्ये पिटला माइक लागले तेव्हा संपलं. 2009 मध्ये सिंथेसायझर आला तेव्हा पुन्हा संपलं. 2014 मध्ये ट्रॉम्बोन आला तेव्हाही. इतक्या वेळा संपून हे अजून चालू आहे! मी बहुतेक वेळा पोरांच्या बाजूचा. फक्त सबवूफरची ती गडगड मला आजही पटत नाही. सत्तर-ऐंशी पोरं फुप्फुसं फाडून वाजवत असताना खालून एक पेटी तो सूर चोरते, आणि टाळ्या कुणाला पडल्या हेच कळत नाही.

आणि मेहनत. 'डॉट' हा शब्द आमच्या घरात तीन वर्षं देवाच्या नावासारखा होता. प्रत्येक पोराला शोमधल्या प्रत्येक क्षणी मैदानावरची ठरलेली जागा असते, तिला डॉट म्हणतात. गळ्यात दोरीने अडकवलेली छोटी वही, तिच्यात लिहिलेलं असतं: अमुक यार्डाच्या रेघेपासून दोन पावलं बाहेर, पुढच्या हॅशमागे, म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या रांगेमागे, चार. पाच यार्डात आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साधारण 57 सेंटिमीटर. शंभरेक ठिकाणं पाठ, आणि वर वाजवायचं, आणि वर मागे न बघता उलट चालायचं. घामाने वहीची शाई पसरते म्हणून लेक पेन्सिलने लिहायची. पहिल्या वर्षीची वही मी जपून ठेवली आहे. एका पानावर मोठ्या अक्षरांत "तू इथे नाहीस" असं लिहिलंय, तेही मराठीत, म्हणजे शेजारच्या पोराला कळू नये.

आता बिल.

मी दोन उन्हाळे पथकाच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर आठ-आठ दिवस राबलो. हा लांबलचक ट्रेलर असतो, आत शेगड्या, बाजूला उघडणारी खिडकी. दिवसाला चार जेवणं: सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि शो संपल्यावर रात्रीचं. दीडशे पोरं, शिवाय शिकवणारे, बसचालक, आमच्यासारखे फुकटचे मजूर. पहाटे पाचला दोनशे-दोनशे अंडी फोडताना माझ्या शेजारी टेक्सासहून आलेल्या एक आजी होत्या. नातू आता पथकात नाही, वय संपून चार वर्षं झाली, तरी त्या येतात. दुसऱ्या वर्षी मी हट्टाने एकदा पोहे केले. पंधरा किलो. माझ्या अंदाजाने निम्मे उरणार होते. नवाच्या आत भांडं खरवडून झालं आणि ड्रमवाली पोरं विचारत होती, "उद्या पण तो पिवळा भात आहे का?" पिवळा भात. असो.

त्या खिडकीतून ताटं देताना चेहरे बघत होतो. छान पोरं. नम्र. पण बहुतेकांचे आईबाप डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, आणि आमच्यासारखे आयटीवाले. कामगार वस्तीतली पोरं, ज्यांच्यासाठी हा खेळ निघाला, ती जवळपास नव्हती. लेकीच्याच शाळेतला एक मुलगा तिच्यापेक्षा सरस ट्रम्पेट वाजवायचा. निवड झाली होती. फीच्या पहिल्या हप्त्यापाशी थांबला आणि उन्हाळाभर किराणा दुकानात सामान भरत राहिला.

1970 च्या सुमाराला अमेरिकेत पोरांची शेकडो पथकं होती. आज डीसीआयमध्ये सगळी धरून तीन-चार डझन. शेकडो का गेली याला कारणं बरीच आहेत: वस्त्या बदलल्या, चर्चचे हात आखडले, शाळांचे स्वतःचे बँड मोठे झाले, डिझेल वाढलं. सगळा दोष डीसीआयचा नाही. पण शो देशभर फिरवायचा हे डीसीआयने ठरवलं. स्टेडियमं, ट्रक, माइक, दरवर्षी नवे पोशाख, शिकवायला पन्नास माणसं, हे सगळं स्पर्धेने वाढवलं. एकाने केलं की बाकीच्यांना करावंच लागतं. परीक्षकांनी टिक मारणं सोडलं आणि हिशेबनिसांनी सुरू केलं.

बंडाची गंमत अशी की ते एकदा करून भागत नाही. 2010 मध्ये वरच्या सात पथकांनी प्रस्ताव मांडला की लोक आम्हाला बघायला येतात, तेव्हा कारभारात आणि पैशात आमचा वाटा मोठा हवा. 1971 चंच वाक्य, पण या वेळी समोर माजी सैनिक नव्हते, त्यांचेच लहान भाऊ होते. बाकीच्यांनी ते जसंच्या तसं मान्य केलं नाही, काही वेगळे शो देऊन तडजोड झाली. त्या सातांत कॅडेट्स होते, सांता क्लारा व्हॅनगार्ड होतं. 2018 ची विजेती व्हॅनगार्ड 2023 मध्ये पैशांच्या अडचणीमुळे मैदानात उतरलीच नाही, वर्षभराने परतली. कॅडेट्स परतणार नाहीत. दहा वेळा डीसीआय जिंकलेलं पथक 2024 मध्ये, नव्वदाव्या वर्षी, बंद झालं.

कॅडेट्सबद्दल नुसतं हळहळून चालणार नाही. 2018 मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात अनेक बायकांनी पथकाच्या प्रमुखावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. तो दशकानुदशकं त्या खुर्चीवर होता. त्याने आरोप नाकारले आणि राजीनामा दिला. पुढे 1980 च्या दशकातल्या अत्याचाराच्या आरोपावरून संस्थेवर दावा झाला आणि त्यात पथक आर्थिकदृष्ट्या टिकलं नाही. जुने वादक ढसाढसा रडले, मला ते कळतं. पण माझी लेकही अशाच बसमध्ये चढली होती. ज्या संस्थेत नियम करणारे, पथक चालवणारे आणि पथकाच्या प्रमुखांवर लक्ष ठेवणारे तेच ते लोक असतात, तिथे पोरीने तक्रार न्यायची कुठे? माजी सैनिकांच्या संघटना खडूस होत्या, पण निदान बाहेरच्या होत्या. 2018 नंतर डीसीआयने नियम कडक केले. बरं केलं. 46 वर्षं लागली.

हे सगळं लिहून मी लेकीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "बाबा, मग तू दरवर्षी शेवटच्या सुराला रडतोस का?" रडतो. 2025 मध्ये शनिवारी रात्री बॉस्टन क्रुसेडर्सचं नाव पहिलं म्हणून पुकारलं तेव्हाही रडलो, माझा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. 1940 चं पथक, डीसीआय उभी राहताना हजर असलेलं. पहिल्या बारात यायला त्यांना 1999 उजाडलं, आणि पहिलं विजेतेपद 85 व्या वर्षी. मागच्या रांगेतला माझ्या वयाचा एक गृहस्थ खाली वाकून बसला होता, मला वाटलं चक्कर आली. पाणी द्यायला गेलो, तर तो बुटांची नाडी बांधायचं नाटक करत होता.

आमचं पथक शुक्रवारीच संपलं होतं. लेकीचं वयही त्याच दिवशी संपलं, त्याला एज-आउट म्हणतात, आपल्याकडे सेवानिवृत्ती म्हणतात तसं, फक्त बाविसाव्या वर्षी. शोच्या आधी पथकं पार्किंगमध्ये सराव करतात, तिथे तिकीट नसतं, लोक घोळका करून उभे असतात. एक म्हातारेबुवा घडीची खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर माजी सैनिकांची टोपी. शिकागोच्या एका चर्चच्या पथकात पोरवयात वाजवायचे, पथक कधीच गेलं, चर्चही गेलं. आठवड्याला थोडी चिल्लर द्यायचो, म्हणाले, आणि ज्याच्याकडे नसेल त्याची पाद्री द्यायचे. मग विचारलं, तुम्ही किती भरता? मी आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. नुसतं टोपी काढून पुन्हा घातली.

शो झाल्यावर लेक डोळे सुजवून आली, हातात मेलोफोन. बुवांनी तो मागितला. तिने रुमालाने पुसून दिला. त्यांनी तोंडाला लावला नाही, फक्त मांडीवर आडवा धरला, बोटं तिन्ही व्हॉल्व्हवर ठेवली, आणि पहिलाच दाबत राहिले.